जमा डावीकडे, नावे उजवीकडे

वसमतच्या मोंढ्यात मी आडत दुकानावर मुनीम होतो. हट्ट्याहून सकाळी एसटीनं जायचं, दिवसभर पट्ट्या लिहायच्या, संध्याकाळी रोजकीर्द मिळवायची आणि अंधार पडता पडता परत यायचं. कंपवात झाला तेव्हा लिहिता हात गेला, म्हणजे धंदाच गेला. तेव्हापासून भेटणारा माणूस दोनपैकी एक गोष्ट सांगतो: हळद खा, नाहीतर आहे त्यात समाधान मान. हळदीचं पुढे येईल. समाधान मात्र कुणाच्या सांगण्यावरून मानता येत नाही, असं माझं मत आहे. काय जमा झालं, कुणाकडून झालं, हे लिहून ठेवता येतं. मुनिमाला तेवढंच येतं. दुकानाची चोपडी सुटली, म्हणून घरची सुरू केली. जुन्या पद्धतीनं डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. कंपही आधी उजव्या हातातच आला, पण त्यात काही अर्थ शोधू नये.

खालचे बोल त्या चोपडीतले आहेत. क्रमांक घातलेत ते खोड म्हणून.

१. आजार नाकातून आला

आमच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चला हळद शिजते. शिवारात कुकर लागतात, वाफ उठते आणि तो ओला, मातकट, थोडा उग्र वास अंगावरच्या कपड्यांतसुद्धा बसतो. एका हंगामात बायको म्हणाली, "खिडकी लावा, शेजारी हळद शिजायलीय." मला काही येईना. दुकानातही तेच. शेतकरी पोत्याचं तोंड उघडायचा, मी एक कांडी उचलून मोडायचो. चांगली वाळलेली कांडी कट्कन मोडते, आत गडद केशरी दिसते, आणि मग ती नाकाशी धरायची. आवाज येई, रंग दिसे, नाकाशी काहीच नाही. सर्दी म्हणून सोडून दिलं. त्याच सुमाराला पोट साफ होईना, आणि मी झोपेत लाथा झाडू लागलो, ओरडू लागलो. बायकोनं खाट वेगळी केली. हात थरथरायला लागला तो यानंतर कितीतरी वर्षांनी.

डॉक्टरांनी पुढे उलगडून सांगितलं. मेंदूच्या तळाशी एक काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि अंगाच्या हालचाली त्याच्या जोरावर सुरळीत चालतात. हात हलताना दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा अधिकच पेशी गेलेल्या असतात. वास, झोप, पोट यांच्या तक्रारी बऱ्याचदा त्याआधीच्या.

ऐकून आधी पोटात गोळा आला. घरी येईपर्यंत मुनीम जागा झाला होता. म्हणजे एवढं भांडवल बुडालेलं असताना व्यवहार चालू होता, मोंढ्यात पट्ट्या वेळेवर निघत होत्या, आणि मालकाला खबरसुद्धा नाही! चोपडीतली पहिली जमा ती. राहिलेल्या पेशींकडून.

२. कुणीतरी नीट पाहिलं

पट्टीत पोत्यांची संख्या, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि खाली चुकाऱ्याची रक्कम असते. माझे आकडे ओळीच्या सुरुवातीला ठीक येत आणि ओळ संपेपर्यंत बारीक होत जात. शेतकरी पट्टी उजेडाला धरून वाचू लागले. एका ठिकाणी मानेचे मणके म्हणून पट्टा मिळाला, खांद्याला शेक मिळाला. त्यात बराच काळ गेला.

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये मेंदूच्या डॉक्टरांनी मशीनकडे पाठवायच्या आधी मला दारापासून खुर्चीपर्यंत चालताना पाहिलं. चालताना उजवा हात झुलत नाही, हे मी खुर्चीत बसायच्या आत त्यांनी टिपलं होतं. मग अंगठ्यावर तर्जनी आपटायला लावली, कागदावर चकली काढायला लावली, एक ओळ लिहून घेतली. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हा आजार सापडत नाही. बघून, हात-पाय हलवून पाहूनच तो ओळखायचा असतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पुस्तिका लिहिली, तीही सहा माणसांवरून. त्यातली काही तर त्यांना रस्त्यात दिसलेली. पाहण्याची एवढी किंमत. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल, म्हणून तो जागतिक पार्किन्सन दिन. आपल्याकडे ११ एप्रिलला महात्मा फुल्यांची जयंती असते, मिरवणूक असते, त्यात हा दुसरा जन्मदिवस कुणाच्या लक्षात राहत नाही. मी त्या तारखेला दोघांचीही नावं जमेला लिहितो.

३. उपकार मोठ्यानं मानावे लागतात

या आजारात चेहरा थिजतो. पापण्या कमी लवतात, गाल हलत नाहीत. मी आतून हसत असतो आणि समोरच्याला वाटतं, मुनीमकाका रागावलेत. नातू एकदा आईला विचारत होता, "आबा माझ्यावर कामून चिडलेत?" त्यानं मला तळहातावर भोवरा घेऊन दाखवला होता, आणि मला मनापासून मौज वाटली होती.

घरात आपण आभार कशानं मानतो, याचा तोवर कधी विचारच केला नव्हता. आमच्याकडे नवरा बायकोला धन्यवाद म्हणत नाही. म्हणालाच तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. आमटी दुसऱ्यांदा मागितली की स्वयंपाकाची पावती मिळाली. पाण्याचा तांब्या हातात घेताना जरा वर पाहायचं, भुवई उचलायची, ओठाच्या कोपऱ्यातून हसायचं. अख्खे संसार एवढ्यावर चालतात. ती सगळी सोय चेहऱ्यात होती आणि चेहराच गेला. बायको पहाटे उठून गोळी हातावर ठेवणार, सदऱ्याची बटणं लावणार, वहाणेत पाय घालून देणार, आणि बदल्यात तिला हे असलं तोंड बघायला मिळणार. "यांच्यासाठी कितीबी करा, गोडच लागत नाही," असं ती एकदा जावेजवळ म्हणाली. मी ओसरीत होतो. कान अजून शाबूत आहेत.

म्हणून तोंडानं बोलायचं ठरवलं. तिथं दुसरी अडचण आली. आवाजही बसतो. मला वाटतं मी नेहमीसारखा बोलतोय, ऐकणाऱ्याला नुसती पुटपुट ऐकू जाते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आपण ओरडतोय असं स्वतःला वाटेल एवढ्या जोरानं बोला, तेव्हा कुठं ते लोकांना साधं बोलणं वाटेल. तर एका सकाळी मी सगळा दम एकवटून म्हणालो, "बटणं लावलीस, लई बरं झालं!" दम जरा जास्तच लागला. बाहेर ओट्यावर बसलेला शेजारी आत डोकावला, "काय झालं हो मुनीमकाका?" बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "ऐकू आलं मला. गावाला कशाला सांगायलात?"

आता ते रोजचं झालंय. आवाजाचा व्यायाम म्हणून "आऽऽ" लांबवत बसावं लागतं, ते मी करतोच. पण त्याहून घरातल्याचं नाव घेऊन, कशाबद्दल ते सांगून, मोठ्यानं चांगलं बोलणं मला जास्त मानवतं. घसा मोकळा होतो आणि देणंही फिटतं. यात एक पथ्य आहे. मोघम बोलायचं नाही. "तू माझ्यासाठी किती करतेस" असं म्हटलं की बायको वैतागते, तिला ते सिनेमातलं वाटतं. "आज भाकरीला पापुद्रा चांगला आला", "रात्री कूस वळवून द्यायला तीनदा उठलीस", असं बाबवार सांगितलं की ती ऐकून घेते. वर दुरुस्ती करते: "चारदा."

नातवाशी वेगळा करार आहे. मला मौज वाटली की मी उजव्या पायानं जमिनीवर दोन ठोके देतो. त्याला ते शब्दांपेक्षा बरं वाटतं. शेजारची पोरंही आता भोवरे घेऊन येतात आणि माझ्या पायाकडे बघत उभी राहतात.

४. खाजकुहिलीचं देणं

लहानपणी शिवारात कुंपणाला खाजकुहिलीच्या शेंगा लोंबत असायच्या. त्यांची कुसं अंगाला लागली की जीव नकोसा व्हायचा. आम्ही पोरं एकमेकांच्या सदऱ्यात शेंगा टाकायचो आणि घरचे शेण चोळून चोळून आम्हाला शिव्या द्यायचे. त्याच वेलाच्या बियांत माझं औषध आहे. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली या बियांतून एल-डोपा वेगळा काढला. त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी मेंदूतलं डोपामिनचं काम दाखवून दिलं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६० साली व्हिएन्नात, या आजारानं गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले तेव्हा त्यांत डोपामिन फार कमी सापडलं. आणि १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडावाटे, थोडा थोडा वाढवत मोठ्या मात्रेत दिला, तेव्हा अडखळलेली माणसं चालू लागली. बी कपाटात आणि रोगी खाटेवर, मध्ये तीस वर्षं. दोघांची गाठ घालून देणाऱ्यांत व्हिएन्नाची ती गेलेली माणसंही आली. माझ्या जमेच्या पानावर "व्हिएन्नाची मंडळी" अशी एक ओळ आहे.

हे वाचून कुणी बिया कुटायला बसू नये. सगळ्या बियांत औषध सारखं नसतं. डॉक्टरांची गोळी चालू असताना वरून तेही पोटात गेलं तर अंग वेडंवाकडं हलू लागतं, मळमळतं, रक्तदाब उतरून माणूस पडतो. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतं, ते औषधाला मेंदूपर्यंत पोचायच्या आधी वाटेत खर्च होऊ देत नाही. कुटलेल्या बीला तसा सोबती नाही.

आणि हळद. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला. पण हळदीनं माणसाचा कंपवात बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. उमेदीची सगळी वर्षं हळदीच्या थप्प्यांमध्ये बसून काढलेल्या माणसाला हळद खा म्हणून सांगणाऱ्यांनी एकदा त्याच्याकडे नीट बघून घ्यावं.

५. वरण संध्याकाळी

गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या दाराशी गोळीची वाट अडवतात. प्रथिनं सोडायची नाहीत, वेळा सांभाळायच्या. माझ्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरण रात्रीच्या ताटात गेलं, दुपारी भाकरी आणि पालेभाजी आली. घरातल्या सगळ्यांनी आपलीही जेवणं त्यावर बसवली, कुणी बोलून दाखवलं नाही.

गोळी लागू झाली की अंगठ्याचं तर्जनीवरचं ते चोळणं हळूहळू थांबतं. मी त्या वेळी ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसतो आणि थांबताना बघतो. मग हाती असलेल्या वेळात दाढी, अंघोळ आणि ही चोपडी. धडधाकट होतो तेव्हा दाढी करताना मला कायम मोंढ्यातले भाव दिसायचे. आता दाढीच दिसते.

६. उंबरा अडवतो, बारव अडवत नाही

लोकांना न पटणारी गोष्ट ही. सपाट ओसरीवरून चालत येतो आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात. धड पुढे जातं, पाय येत नाहीत, मागचा माणूस "चला की" म्हणून टेकू देतो आणि मी आणखीच अडकतो. हट्ट्यात जुनी दगडी बारव आहे. तिच्या पायऱ्या मात्र मुलाचा दंड धरून मी अडखळत उतरतो असं नाही, चांगला उतरतो. गावात बोलणं झालं, मुनीम सोंग करतो. घरात चालवत नाही आणि बारव उतरवते! त्यांना दोष देत नाही, डोळ्यांनी जे दिसतं ते तसंच दिसतं.

कारण असं सांगतात की सपाट जागी पुढचं पाऊल मेंदूला आतूनच काढावं लागतं, आणि तीच वाट या आजारात बिघडलेली असते. पायरीची कड डोळ्याला दिसते, आणि मेंदू दुसऱ्या वाटेनं पाऊल टाकतो. नेदरलँड्सच्या डॉ. बास्तियान ब्लूम यांनी २०१० साली एका रुग्णाची हकीगत छापली होती. गृहस्थाला चार पावलं धड टाकता येत नव्हती आणि सायकल तो झकास चालवत होता. हे वाचून मुलानं सायकल आणली नाही, चुन्याची डबी आणली. ओसरीपासून न्हाणीपर्यंत आडव्या पट्ट्या ओढल्या, पाऊलभर अंतरानं. मी पट्टीवर पाय ठेवत जातो. आयुष्यभर पट्ट्या लिहिल्या, आता पट्ट्यांवरून चालतो.

तालाचंही तसंच आहे. परदेशात यासाठी टिकटिक करणारं यंत्र लावतात, त्या ठेक्यावर रुग्ण पावलं टाकतो. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांना घेऊन नृत्याचे वर्ग चालवले. आमच्याकडे हरिपाठ आहे. संत नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे टाळ कुणाच्या घरी नाही असं नाही. वारकऱ्यांची पावली म्हणजे टाळाच्या ठोक्यावर पुढे-मागे टाकलेलं पाऊल. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं तर मी पावलीत उभा राहतो. टाळ थांबला की मीही थांबतो, तेव्हा विणेकऱ्यानं मला खुर्चीपर्यंत पोचवून मगच टाळ थांबवायचा, असं ठरून गेलंय. हे त्यांनीच ठरवलं. जमा.

७. एकदा सगळेच हलले

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली-परभणी-नांदेडकडे भूकंपाचा धक्का बसला, ४.५ रिश्टरचा. आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग सगळे बाहेर पळाले, मला मध्ये धरून. रस्त्यावर उभं राहून लोक चेहरे पाडून बोलत होते आणि त्यांचे हात कापत होते. मी नेहमीइतकाच हलत होतो. हा प्रसंग कोणत्या पानावर लिहायचा हे ठरेना, शेवटी जमेला लिहिला, कारण त्या दिवशी बायको इतकी हसली.

८. बायकोला सुट्टी

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शोभना तीर्थळी यांनी शुभंकराच्या बाजूनं मोकळेपणानं लिहिलं आहे. मुंबईत २००१ सालापासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. हट्ट्याहून पुणे-मुंबई लांब आहे, पण मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ येतात आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखी माणसं दिसतात. तालुक्याच्या गावाला असं चार जणांचं बसणं-उठणं व्हायला हवं. त्यासाठी मोठा दवाखाना लागत नाही, एक खोली आणि चहा पुरतो.

मोबाइलवरच तिथल्या बायका बोलताना ऐकल्या. रात्रीची झोप मोडते, माहेर सुटतं, कुणी "तुम्ही कशा आहात" विचारत नाही. मोठ्यानं आभार मानून हे भागणारं नव्हतं. श्रावणातल्या एका सोमवारी बायकोला बहिणीबरोबर औंढ्याला पाठवलं. चुलतभाऊ दिवसभर माझ्याजवळ बसला, गोळ्यांचे गजर त्याच्या मोबाइलवर लावून. ती नागनाथाचं दर्शन घेऊन, बांगड्या भरून, भज्यांचा पुडा घेऊन अंधार पडल्यावर आली. माझं कसं गेलं हे विचारायच्या आधी स्वतःचं सांगत सुटली. आता दर महिन्याला एक दिवस तिचा. कुठं जाते ते मी विचारत नाही.

९. नावेचं पान

जमेला लिहिलं म्हणून नावे पुसली जात नाही. हे मला लोकांना सांगावं लागतं, कारण चोपडीची गोष्ट कळली की काहीजण फार खूश होतात. "बघा, आजारानं किती शिकवलं!" म्हणतात. एका पाहुण्यानं तर देव परीक्षा घेतो असं ऐकवलं. परीक्षा घ्यायची तर आधी अभ्यासक्रम सांगावा.

उजव्या पानावर आज एवढं आहे. बद्धकोष्ठ. रात्री कूस न वळणं. पहाटे गोळी लागू होईपर्यंत पायाची बोटं आत वळून येणारा गोळा. गोळीचा असर वेळेआधी उतरणं, आणि तेही नेमकं बाजारात असताना. जेवताना लाळ. अधूनमधून कारण नसताना दाटून येणारी उदासी. ती मनाची कमजोरी नाही, याच आजाराचा भाग आहे आणि तिच्यावर औषध आहे, हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. हळदीचा वास. तो परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. यातल्या कशाचेही मी आभार मानत नाही.

हे पान दुकानातल्या शिरस्त्याप्रमाणे तारीखवार ठेवलंय: कोणती गोळी किती वाजता घेतली, कधी लागली, कधी उतरली. अक्षर बारीकच येतं, म्हणून नातू शेजारी बसून मोठ्या आकड्यांत उतरवून घेतो. पुढच्या आठवड्यात नांदेडला जायचं आहे. डॉक्टरांसमोर डावं पान उघडायची गरज नाही. उजवं दाखवायचं, आणि पहाटे पायात येणाऱ्या गोळ्याचं आधी विचारायचं, मग बद्धकोष्ठाचं. बायको म्हणते लाळेचं मी विसरीन, तेव्हा ते तिनंच वरती लिहून ठेवलंय.